एका खाटेचे दोन धनी

पुष्पांजलीनं बांधलेली बॅग पुन्हा उघडली आणि आतले जवसाच्या चटणीचे दोन्ही डबे बाहेर काढले. झाकण काढून वास घेतला. चटणी अजून चांगली होती. वर गच्चीवर हर्षल फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. घरात रेंज यायची नाही. अमडापुरात ज्याला कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असेल त्यानं गच्चीवर जावं आणि सगळ्या गल्लीला ऐकवावं, अशी सोय फोनवाल्यांनीच करून ठेवलेली.

"जी सर... नहीं सर, मैं समझ रहा हूँ सर... जी सर."

एवढंच खाली ऐकू येत होतं, पण तेवढं पुरे होतं. जायची तारीख पुन्हा पुढं गेली. पुष्पांजलीनं डबे फडताळात ठेवले आणि ओठ आवळून बॅगेची चेन लावली. बाई मनातून अशी खुशीत होती की काय सांगावं, आणि घरात ती खुशी दाखवायला कोपरा नव्हता.

हर्षल तेलाच्या विहिरींवर कामाला होता, तिकडं राजस्थानात, बाडमेरकडं. विहीर एका कंपनीची, खोदणारी दुसरी, आणि ह्याची तिसरी. जमिनीत लोखंडी नळ उतरला की त्याच्याभोवती पंपानं सिमेंट भरून द्यायचं, एवढंच ह्या तिसरीचं काम. गावाला हे कधी समजलं नाही. गावात तो 'बोरवाला हर्षल'. सुट्टीवर आला की पारावर कुणीतरी विचारायचंच, "काऊन बे, आमच्या वावरात लागन का तेल?"

"पयले पानी तं लागू द्या, काका," हर्षल म्हणायचा.

कामाची रीत अशी की एक महिना तिकडं आणि एक महिना घरी. हा घरी आला की त्याच्या जागी दुसरा. तो दुसरा म्हणजे लोणारचा दीपक. दोघं खामगावच्या आयटीआयत एका बाकावर बसलेले, एकाच वेळी भरती झालेले, आणि कंपनीनं एकाला एक बदली म्हणून जोडून दिलेले. तिकडच्या पत्र्याच्या खोलीत दोघांची खाट एक, कपाट एक, उशीसुद्धा एक. भेट मात्र कसली? एक गाडीतून उतरायचा, दुसरा त्याच गाडीत चढायचा, मध्ये एक चहा. एका जिल्ह्यातले जिवाभावाचे दोस्त, पण हा अमडापुरात असला की तो वाळवंटात आणि तो लोणारात आला की हा वाळवंटात. नऊ वर्षांत दोघं एकदाही एका पंगतीला बसले नाहीत.

त्या एका चहाच्या वेळी डबे बदलायचे. पुष्पांजली चटणीचे दोन डबे द्यायची. एक हर्षलला, आणि एक दीपक घरी घेऊन जायचा, त्याच्या बायकोला, समताला. समताकडून तसेच तिळाचे लाडू यायचे, कधी कुरड्या. अमडापूरहून लोणार म्हणजे एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट. चटणी मात्र बाडमेरमार्गे जायची. दोघी बायकांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, हाताची चव मात्र पाठ होती.

दिवाळी झाली आणि कंपनीला खोकला सुरू झाला. आधी फोनवर एक मोठी सभा झाली. पडद्यावर गोरेगोमटे साहेब, मागं कुंडीतलं झाड. कंपनी म्हणजे आपलं कुटुंब आहे, असं ते म्हणाले, आणि कुटुंबातल्या कुणाला काही विचारता येऊ नये म्हणून सगळ्यांचे आवाज आधीच बंद करून ठेवले होते. मग एकेक माणूस गळायला लागला. कुणी सांगायचं नाही. सकाळी फाटकाच्या यंत्रावर कार्ड टेकवलं आणि फाटक उघडलं नाही की त्यानं समजून घ्यायचं. हर्षल तेव्हा सुट्टीवर होता. त्याला सांगितलं, थांबा, तिकीट पाठवतो. मग पुन्हा थांबा. असं ते घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. महिन्याचे दोन झाले, दोनाचे तीन व्हायला आले.

आणि बदली माणूस पोचला नाही म्हणून दीपक तिकडंच अडकला. म्हणजे पुष्पांजलीच्या घरात जो दिवस वाढत होता तो लोणारला समताच्या घरातून कापला जात होता. पुष्पांजलीला हे कळत नव्हतं असं नाही. ती त्याचा विचार करत नव्हती, एवढंच.

हर्षल जिना उतरून आला आणि खालच्या पायरीवर बसला. त्याची आई विमलबाई शेंगा फोडत होत्या, त्यांनी हात थांबवला.

"काय म्हणले सायेब?"

"आता एकच जागा ठेवणार म्हणे. माही नाई तं दीप्याची."

"मंग कोनाची?"

"म्हणते, तुम दोनों दोस्त हो, आपस में तय कर लो. शुक्रवारपावतो सांगा म्हणे." हर्षलनं फोन पायरीवर आपटल्यासारखा ठेवला. "कापाचं तं कापा ना बे! काम कोनाचं कसं, तुमाले माहीत. चुका कोनाच्या किती, तुमाले माहीत. आन ठरवाचं आमी? सुरी आमच्या हाती देऊन सोता काखा वर करून मोकळे. नोकरी घेणार ते, पाप आमच्या डोक्यावर."

"आन जो राहीन त्याची सुट्टी?" पुष्पांजलीनं विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"बदलीच नाई तं सुट्टी कुठची? एकट्यानंच रेटाचं. सहा महिन्यानं पाहू म्हणे."

विमलबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "त्यात काय पाहाचं? सांगून दे, मी राह्यतो म्हणून. लाजतं कायले? दीपक काय परका आहे का, समजून घेईन."

हर्षलनं खिशातून पाना काढला आणि अंगणातल्या नळाची तोटी आवळायला बसला. ती कालच आवळून झाली होती. ह्या दोन-तीन महिन्यांत त्यानं घरातलं दार, कडी, पलंग, सायकल, जे जे हलत होतं ते सगळं आवळून टाकलं होतं. पहाटेच उठून, कपडे घालून, अंगणात नुसता उभा राहायचा. माणूस काळजीत आहे, असं पुष्पांजली समजायची.

तिला स्वतःला मात्र लग्न होऊन पहिल्यांदाच घर भरल्यासारखं वाटत होतं. मैत्रिणी चिडवायच्या, "पुष्पे, तुहा नवरा म्हणजे आठवडी बाजार. ठरल्या दिवशी भरते आन ठरल्या दिवशी उठते." ती हसायची. हसण्यावारी न्यावं नाही तर काय करावं? महिनाभराचा नवरा आला की पहिले आठ दिवस तो पाहुणा असतो, मधले दिवस जरा आपला होतो, आणि शेवटचे आठ दिवस जाण्याच्या तयारीत जातात. भांडायलासुद्धा सवड नाही. भांडण झालं आणि तो तसाच गेला तर महिनाभर ते उशाशी घेऊन झोपावं लागतं. आणि आता तो रोज होता. लेकीच्या, छकुलीच्या, वेण्या वेड्यावाकड्या घालत होता. भाजी खारट झाली म्हणत होता. परवा दोघं चक्क कडाकडा भांडले आणि संध्याकाळी बोलायला लागले. त्या भांडणाचं तिला इतकं सुख झालं की ती चुलीपुढं बसून एकटीच हसली.

मंगळवारी ती टेकडीवर देवीला गेली होती. नारळ फोडला, हात जोडले आणि स्वच्छ शब्दांत मागितलं. "माय, त्याची नोकरी जाऊ दे." मागं बसलेली बाई लेकराला नोकरी लागू दे म्हणत होती. देवीनं दोघींचं काय करावं?

बुधवारी दोघं वावरात तुरीच्या शेंगा तोडत होते. हर्षल ओळीच्या पलीकडून म्हणाला, "रोज फोन करतो त्याले. तो म्हणते तू राहा, मी म्हणतो तू राहा. ताटातला शेवटचा पापड कोनी उचलावा, तसं चालू आहे. मनातलं कोनीच बोलत नाई."

"मंग बोला की मनातलं."

तो शेंगा तोडत राहिला. मग हळूच म्हणाला, "तूच सांग. घरी राहू का तिकडं जाऊ? तू म्हणशील तसं."

पुष्पांजलीनं हातातली फांदी सोडली. "वा रे वा. सायबानं तुमच्यावर ढकललं, तुमी माह्यावर ढकलून राह्यले. माह्या खाली कोन आहे आता, छकुली?"

हर्षल हसला, पण उत्तराची वाट पाहत उभाही राहिला.

"तुमाले काय वाटते ते सांगा ना," ती म्हणाली.

"मले काय वाटाचं आहे," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.

"उद्या सांगतो मी," पुष्पांजली म्हणाली. खरं तर तिला आत्ताच सांगायचं होतं. पण घरी सासूच्या डोळ्याला डोळा द्यायचा होता, त्याची तयारी व्हायला एक रात्र लागणार होती.

गुरुवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. सावळी, काटक, खांद्यावर पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ. हर्षल कामानं चिखलीला गेलेला होता, छकुली शाळेत.

"हर्षलभाऊचं घर हेच ना? मी समता. लोणारची."

विमलबाईंनी पुष्पांजलीला आत ओढलं आणि कानाशी कुजबुजल्या, "नवऱ्याच्या नोकरीसाठी पदर पसराले आली आहे पाह्य. रडली तरी पाघळू नको. शब्द देजो नको."

समता ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि पिशवीतून मोकळा डबा काढून पुष्पांजलीच्या हातात दिला. "तुमचा. राजस्थान न पाहता पयल्यांदाच वापस आला."

पुष्पांजलीला हसू आलं. विमलबाईंनी मात्र वेळ घालवला नाही.

"पोरी, तू आली, बरं वाटलं. पन आधीच सांगून ठेवतो, हर्षलची नोकरी..."

"नोकरी तुमालेच राहू द्या, मावशी," समता म्हणाली. "तेच सांगाले आली. हर्षलभाऊले म्हणा, हो म्हणून टाका. आमचं काई म्हणणं नाई."

विमलबाई क्षणभर तिच्याकडं पाहतच राहिल्या. मग त्यांचा जीव असा भांड्यात पडला की त्या उठल्या, समताच्या गालावरून बोटं मोडली, "किती मोठ्या मनाचं लेकरू आहे व" म्हणाल्या, आणि घरात दूध होतं तरी जास्तीचं आणायला शेजारच्या कलाबाईकडं निघाल्या. चहा आता साधा चालणार नव्हता.

दोघी उरल्या. समतानं पाय जवळ घेतले.

"मोठं मन कशाचं आलं, ताई. मले तो घरी पायजे. एवढंच आहे."

पुष्पांजलीच्या हातात तो मोकळा डबा तसाच होता.

"तिसरा महिना सरत आला. परवा शेजारीण म्हणे, काऊन व, तुह्या दोरीवर मानसाचा एकबी कपडा दिसत नाई. मी घरात गेली, त्याचा धुतलेला सदरा काढला, पुन्हा वला केला आन दोरीवर टाकला. असं येडं काम करून राह्यली मी." ती स्वतःशीच हसली. "त्याले म्हणलं नाई मी, इकडं येऊन राह्यली म्हणून. तो नुसता म्हणते, हर्षल ठरवीन ते. म्हणून म्हणलं, आपनच जावं. एक वावर आहे, एखादं दुकान टाकू. होते कसंबी. तुमी भाऊले पाठवा, ताई."

आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. सासू खूश, समता खूश, गावात मान राहणार. पुष्पांजलीनं मोकळ्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नाई," ती म्हणाली.

"काय नाई?"

"मी नाई पाठवत त्याईले."

"पन मावशी तं..."

"आईले पायजे नोकरी. मले नाई पायजे. मले तो घरी पायजे. तुले जसा पायजे, तसाच." आयुष्यात पहिल्यांदा ती हे मोठ्यानं बोलत होती, तेही अशा बाईजवळ, जिच्याजवळ बोलायला नको होतं. "नऊ वर्षं झाले समता, मी अर्ध्या लग्नात राह्यतो. आता पुरं भेटून राह्यलं. मी सोडत नाई."

समतानं तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तुमाले हे जास्तीचे दिवस भेटले ना, ताई, ते माह्ये होते."

"हाव. तुह्येच होते."

"मंग?"

"मंगबी नाई."

भिंतीवरच्या उन्हात एक चिमणी येऊन बसली आणि उडाली. मग समतानं पदरानं तोंड पुसलं.

"मी तुमच्या जागी असती तं मीबी हेच म्हणली असती," ती म्हणाली. "एसटीत बसली तवा मले वाटे, तुमी नोकरीसाठी भांडसान. भांडणाची तयारी करून आली होती मी. पन ह्या भांडणाची नाई."

विमलबाई दूध घेऊन आल्या. चहा झाला, इतका गोड की दोघींना तो गिळवेना. पुष्पांजली तिला सोडायला स्टँडवर गेली. चिखलीची गाडी आली. समता खिडकीशी बसली आणि वाकून म्हणाली, "एक सांगायचं राह्यलं, ताई. चटणीत लसूण जरा कमी टाकत जा. त्याले बाधते. पन तुमची चटणी म्हणून तो खाते गुपचूप."

"आता कोनाजवळ देऊ?" पुष्पांजली म्हणाली. तोवर गाडी हलली होती. ती उभी राहून रडली, तिथंच, केळ्यांच्या हातगाडीआड. आपण केलं ते चांगलं केलं नाही, हे तिला कळत होतं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करू, हेही कळत होतं.

हर्षल संध्याकाळी आला. तो हातपाय धुत होता तेव्हाच तिनं सांगून टाकलं.

"राहा घरी. दीपकभाऊले राहू द्या तिकडं."

त्यानं तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. "पक्कं?"

"पक्कं."

"बरं," तो म्हणाला. टॉवेलनं तोंड पुसलं आणि फोन घेऊन वर गेला. विमलबाईंनी हातातलं ताट खाली असं ठेवलं की आवाज गल्लीत गेला. त्या सुनेशी बोलल्या नाहीत. पुष्पांजलीनं चहाचं आधण ठेवलं. तीन महिने घोंगडं भिजत ठेवणाऱ्या साहेबाचं उत्तर चहाला उकळी फुटायच्या आत आलं. हर्षलनं जिन्यातून ओरडून सांगितलं, "अंगठा पाठवला सायबानं. नुसता अंगठा."

झालं. देवीनं ऐकलं. पुष्पांजलीनं दोन कप भरले आणि जिना चढायला लागली. वर फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला होता.

"खरं सांगून राह्यला ना बे?" दीपकचा आवाज येत होता. "मांगून पलटू नको."

"नाई पलटत. सायबाले कळवलं."

पलीकडून दीपक हसला. ते हसू दबलेलं होतं, पण दाबूनही उतू चाललं होतं. पुष्पांजली पायरीवरच थांबली. समता अजून मेहकरच्या अलीकडं असेल, तिच्या मनात आलं, अंधारत चाललेल्या गाडीत.

"सहा महिने सुट्टी नाई, समजलं ना?" हर्षल म्हणाला.

"समजलं बे. घरी सांगतो कसंबी." मग जरा थांबून दीपक म्हणाला, "मले वाटे तूच येतं. तुह्याशिवाय दुसऱ्या कोनी त्या पंपाले हात लावला असता तं मले सहन झालं नसतं."

फोनमधून मागं काहीतरी सुरू झाल्याचा आवाज आला. आधी धडधड, मग एकसारखी घरघर.

"दोन नंबरचा ना?" हर्षलनं विचारलं.

"हाव. काल नवा वॉल्व टाकला. आता पाह्य कसा..."

"बोलू नको जरा. फोन तिकडं धर."

पुष्पांजली वर आली. हर्षल कठड्याला पाठ लावून बसला होता, फोन गुडघ्यावर, डोळे मिटलेले. मान जराशी कलती. घरघर येत होती, लांबून, वाळवंटातून, आणि तो ऐकत होता. असं तोंड करून माणूस कशाची वाट पाहतो, हे पुष्पांजलीला कुणी शिकवायला नको होतं.

तिनं चहा त्याच्याजवळ ठेवला. त्याला कळलं नाही. ती शेजारी बसली, तिचा पदर त्याच्या हाताला लागला, तरी कळलं नाही. त्याला हात लावून हलवावं असं तिला वाटलं, पण धीर झाला नाही. मग नऊ वर्षं फोनवर विचारायची तसंच तिनं विचारलं,

"जेवले का तुमी?"

"हाव," हर्षल डोळे न उघडता म्हणाला.

खाली भाकरीचं पीठ अजून मळायचं होतं.